माउंट तोच आहे

रुवीच्या दुकानात सजीवन माझा जुना कॅमेरा
बाजारातल्या सुरमईसारखा हातावर तोलतो.
शटर एक लाख त्र्याऐंशी हजार वेळा पडलंय.
"सर, हा दमला. लेन्सा ठेवा,
माउंट तोच आहे. फक्त बॉडी बदला."
चारशे पंच्याऐंशी रियाल.
सत्तावीस वर्षं झाली, गुणाकाराची सवय सुटत नाही;
लाखाच्या पुढे गेल्यावर मी थांबतो,
हातचा हातातच राहू देतो.

बॅगेत तीन लेन्सा.
पन्नासची पहिल्या बोनसची, हिच्यापासून लपवून घेतलेली;
सापडली तेव्हा हिने ती उलटी धरून
माझ्याकडे बघितलं. म्हणाली, फार लहान दिसताय.
लांबची रोहेलियोने दिली, मनिलाला कायमचा परतताना,
अर्ध्या पैशांत; झाकणावर त्याच्या लेकीने चिकटवलेला
गुलाबी मासा अजून आहे.
तिसरीला कडेने बुरशी.
तिचे काही येणार नाहीत, आणि ती मी विकणारही नाही.

बॉडीनेही दिलंय, नाही कसं म्हणू?
एक मेलेला पिक्सेल. तांबडा. वर उजवीकडे, कायम.
मत्रहच्या धक्क्यावरल्या होड्यांत तो आहे,
सूरच्या कासवाच्या वर, काळोखात,
आणि ऋजुताच्या लग्नात अक्षतांमध्ये,
जणू एक दाणा कुंकवात जास्तच भिजला.
काढता येतो. मी कधी काढला नाही.

सजीवनला हे सांगत नाही.
हेही नाही, की फेब्रुवारीत
माझ्यात नेमकं उलटं झालं:
बॉडी तीच ठेवून लेन्स बदलली.
उजव्या डोळ्यातली. बावीस मिनिटं.
निझवाकडची डॉक्टरीण "खलास" म्हणाली, पट्टी लावली,
आणि दुसऱ्या दिवशी
मस्कत धुऊन वाळत घातलेलं दिसलं.
ज्या भिंती मला साईच्या रंगाच्या वाटायच्या
त्या पांढऱ्या होत्या.
चक्क पांढऱ्या, नीळ जास्त झालेल्या धोतरासारख्या.
घरी येऊन जुने फोटो उघडले,
तर सगळे थंडीने निळे पडलेले:
होड्या, कासव, व्याही.
माझ्याच डोळ्यातला पिवळा
मी इतकी वर्षं फोटोंमधून उपसत बसलो होतो,
आणि शिव्या कॅमेऱ्याला.

डावा अजून जुनाच.
विमावाले म्हणाले, तो पिकलेला नाही.
घाई असेल तर चारशे साठ, स्वतःच्या खिशातून.
तेव्हा हिशेब असा:
नवी बॉडी आणि या जुन्या लेन्सा,
नाहीतर दोन्ही जुन्या बॉड्या,
आणि एक लेन्स नवी.

चिपळूणला फोन लावला.
"पिकेपर्यंत थांबायला तो काय फणस आहे?" ही म्हणाली.
कॅमेऱ्याचं मी काढलंच नव्हतं.
मग जरा थांबून, "कुठल्या दुकानात उभे आहात?
मागे मल्याळी गाणं लागलंय."

सजीवन पन्नासची नव्या बॉडीवर फिरवून बसवतो.
टक्.
तेवढाच आवाज, वीस वर्षांनंतर.
"बघा सर."
सवयीने उजवा डोळा लावतो.
दार, पाण्याचा टँकर, पलीकडे डोंगराची उघडी हाडं,
सगळं कोरं करकरीत.
वर उजवीकडे काहीच नाही.
नजर तिथे दोनदा जाऊन येते.

मग कॅमेरा सरकवून डावा लावतो.
तिथे भर अकरा वाजता संध्याकाळ आहे.
सजीवनच्या शर्टाला हळद लागलेली,
टँकर मऊ,
आणि रस्त्यावर जुनं, मला ओळखणारं ऊन.

"सर, डाव्या डोळ्याने बघता?"
थांब, मी म्हणतो.
हा एकदा नीट बघून घेऊ दे.